पावसाळ्यात टिकणारं टेबल: आपापला संगणकाचा कोपरा दाखवा

चिरेबंदी
मंडळी, इथे बऱ्याच जणांनी आपल्या कामाच्या टेबलाचे फोटो टाकलेत, पण ते चवथीच्या नि नाटकांच्या धाग्यांत विखुरलेत. म्हणून हा वेगळा धागा. नुसता फोटो टाकून पळू नका. टेबल कशाचं, स्क्रीन केवढी, वीज गेल्यावर काय करता, आणि जुलैत त्या सगळ्याची काय अवस्था असते तेही लिहा.

यूट्यूबवर दिसणारे सेटअप बघून डोळे दिपतात, पण ते कोरड्या हवेतले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, भिंतींना घाम, किनाऱ्याकडे हवेत मीठ. माझं ठाम मत आहे की गोव्यातला सेटअप जुलैत जोखावा. डिसेंबरात सगळ्यांचेच चांगले दिसतात.

सुरुवात माझ्यापासून. म्हार्दोळजवळ जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर, मी घरून भाषांतराचं काम करतो. लॅपटॉप स्टँडवर, त्याला जोडलेली २७ इंची १४४०पी स्क्रीन, साधा कीबोर्ड. या खोलीतली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मात्र विजेवर चालत नाही. खिडकीला अजून जुन्या शिंपल्यांच्या चकत्या आहेत. काचेतून ऊन थेट स्क्रीनवर आदळतं, शिंपल्यातून ते दुधाळ होऊन येतं. दुपारी दोन वाजताही स्क्रीनवर चकाकी नाही, पडदा लावायला लागत नाही. फोटो बघा.

आता प्रश्न. सध्या हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलंय, पावसाआधी कायमचं टेबल करून घ्यायचंय. (१) लाकूड कुठलं? (२) स्क्रीन अधांतरी धरणारा आर्म चिऱ्याच्या भिंतीत ठोकावा का? (३) राउटर सालात (दिवाणखान्यात) आहे, मध्ये दोन भिंती. माझ्या खोलीत रेंज येतच नाही. काय करावं?

दोहाकर
ती खिडकी! बाकी काही दाखवलं नसतं तरी चाललं असतं. आमच्याकडे खिडकी उघडली की नुसती वाळू.

एलईडीवाला
माझा घ्या. पर्वरी, तिसरा मजला. ३४ इंची वक्र स्क्रीन, काचेचा कॅबिनेट, आत सहा पंखे, टेबलाच्या कडेला एलईडीची पट्टी, टकटक वाजणाऱ्या निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड. टेबलाखाली ट्रे लावून सगळ्या वायरी त्यात बांधल्यात, समोरून एकही दिसत नाही. रात्री दिवे लावले की खोलीत आल्यावर मन प्रसन्न होतं. हौस म्हणून केलाय आणि त्याचा पुरेपूर आनंद घेतो.

अनघा पणजी
एलईडीवाला, वायरी अप्रतिम बांधल्यात. पण पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे दिव्यांवर तुटून पडतात तेव्हा काय करता? आमच्याकडे त्या संध्याकाळी अख्खं घर अंधारात बसतं.

एलईडीवाला
अनघाताई, खिडक्यांना जाळ्या आहेत, आणि त्या दिवसांत पट्टीचा रंग पिवळसर करून ठेवतो. निळ्या-पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात, पिवळ्याकडे कमी. रंग बदलता येणाऱ्या पट्टीचा हा खरा उपयोग.

सत्तरीकर
वाळपईच्या बाजूचा आहे, त्यामुळे विजेवर अधिकाराने बोलू शकतो. 🙂

माझ्याकडे डेस्कटॉप आहे आणि डेस्कटॉपच राहणार, कारण बिघडलेला एकेक भाग बदलता येतो. टेबल दिसायला काही खास नाही. पण त्याच्याखाली जे आहे ते दाखवतो: १ केव्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (कमीजास्त दाब स्वतः सावरणारा) यूपीएस, शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा. बाजारात ६०० व्हीएचे जे स्वस्त डबे मिळतात त्यांत वॅट असतात ३६० च्या आसपास, आणि बॅटरीवर गेले की चौकोनी लहर देतात. संगणकाला आतून वीज पुरवणारे बरेचसे नवे डबे (एसएमपीएस) अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाले (वीज वाया न घालवता ओढणारे) असतात, त्यातल्या काहींना ती लहर सोसत नाही. वीज गेली की यूपीएस कर्तव्य बजावतो आणि संगणक तरीही बंद पडतो. लोक बॅटरीला शिव्या घालतात, दोष असतो लहरीचा.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडवर अदलाबदलीला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नका. तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस किंचाळतो.

राउटरसाठी वेगळा छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस घ्या. वीज जाऊनही काही तास नेट चालू राहतं, आणि लॅपटॉपवाल्यांना तर तेवढाच पुरतो.

खारा वारा
सत्तरीकरांना +१. पण चिरेबंदी, तुमच्या यादीत मीठ ओझरतं आलंय आणि आमच्याकडे सगळी लढाई तिथेच आहे. कोलव्याला समुद्रापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर घर. लग्नांचे व्हिडिओ संपादित करतो.

एलईडीवाल्यांच्या सहा पंख्यांबद्दल आदर ठेवून सांगतो, किनाऱ्यालगत असा कॅबिनेट ठेवू नये. प्रत्येक पंखा खारी दमट हवा आत ओढतो. ती धुळीबरोबर बसते आणि रॅमच्या, ग्राफिक्स कार्डाच्या संपर्कांवर हिरवट थर धरतो. माझ्या कॅबिनेटला आत हवा घेणारे पंखे दोनच, दोन्हींवर बारीक जाळी, बाहेर टाकणारा एक. त्यामुळे आतला दाब किंचित जास्त राहतो आणि फटींतून कचरा ओढला जात नाही. जाळ्या पावसाळ्यात दर आठवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून लावायच्या.

दुसरं, यंत्र बंद करून आठवडेच्या आठवडे ठेवू नका. रोज तासभर चालू ठेवलं तर त्याच्याच उष्णतेने आतला ओलावा निघतो. चवथीला गावी जाणाऱ्यांनी घरच्या कुणाला तरी तेवढं सांगून जावं.

टेबल लोखंडी पायांचं घेऊ नका. पावडर कोटिंगला जिथे पहिला ओरखडा पडतो तिथून गंज आत शिरतो आणि मग पापुद्रे सुटतात. उंची बदलणाऱ्या मोटरच्या टेबलांचीही हीच गत.

एलईडीवाला
कोलव्याचा नियम पर्वरीला लावू नका हो. माझं मोटरचं टेबल ठणठणीत आहे. पाठदुखीवर त्याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडला नाही.

खारा वारा
मान्य, तुम्ही उंचावर आहात. मी समुद्राकाठच्यांना सांगतोय.

अवांतर: कॅमेऱ्याच्या लेन्स टेबलाच्या खणात ठेवणाऱ्यांनो, आजच बाहेर काढा. बंद, दमट, अंधारा खण म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहायला हवा, ६० च्या वर गेला की जेल बदला. जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओलावा प्यायलं की ते हिरवट होतं, तापवलं की परत नारिंगी. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतो, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नये.

पेटीवादक
साखळीहून. माझा सेटअप बघायचा कमी, ऐकायचा जास्त. पेटी आणि भजनांचं ध्वनिमुद्रण घरीच करतो. टेबलावर लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, हेडफोन. मोठे स्पीकर मुद्दाम घेतले नाहीत, खोली लहान आहे.

आमच्या पडवीवर पत्रे आहेत. जून ते सप्टेंबर त्यांच्यावर जो ताशा वाजतो त्यात कंडेन्सर माइक कुचकामी. तो शेजारच्या वाड्यातला कोंबडाही टिपतो. डायनॅमिक माइक पेटीच्या जवळ नेऊन लावला की पावसाचा आवाज बराच मागे पडतो. मागे दोन गोधड्या दोरीवर वाळत घातल्यासारख्या टांगायच्या. फोटोत दिसतायत त्या त्याच, हिरवी आईने शिवलेली.

एक प्रश्न आहे. मुद्रणात बारीक घुंऽऽ असा आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. कुणी सांगेल का?

अनघा पणजी
पेटीवादक, चार्जर लावल्यावर लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात का? माझा धातूच्या बॉडीचा आहे, अनवाणी असले की मनगटाला मुंग्या आल्यासारखं होतं.

तारमास्तर
वायरिंगचं काम करतो, म्हणून लिहितो. दोघांचंही मूळ एकच: अर्थिंग.

चार्जरच्या आत गाळणीचे कपॅसिटर असतात. त्यांतून अगदी थोडी गळती बॉडीकडे येते. तीन पिनचा प्लग आणि धड अर्थ असेल तर ती जमिनीत जाते. दोन पिनचा प्लग असेल, किंवा तिसरी पिन नुसती शोभेची असेल, तर ती तुमच्या हातातून जाते नाहीतर पेटीवादकांच्या माइकच्या वायरीत शिरते. तो घुंऽऽ ५० हर्ट्झचा, म्हणजे आपल्या विजेचाच सूर. बॅटरीवर थांबतो म्हणजे निदान झालंच.

आधी तीन पिनची चार्जर-वायर लावून बघा. तरी झिणझिण्या असतील तर वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजून घ्या. एकदोन व्होल्ट ठीक, पाचदहा दाखवत असेल तर काम काढा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हेच कुणाला माहीत नसतं. आपल्या चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये ओल राहत नाही, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी घालायचं असतं. आजोबांच्या काळी घालत, नंतर त्यावर फरशी बसवली गेली.

आणि हे सगळ्यांसाठी: अर्थ नसेल तर महागडा सर्ज प्रोटेक्टर निम्मा निरुपयोगी. जास्तीचा दाब तो जमिनीत ढकलणार कुठून? मे अखेरचा गडगडाट आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन वेळा वाईट. आकाशात आवाज सुरू झाला की प्लग उपटा. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही. पण एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून नेलेली तांब्याची लॅन केबल असेल तर तीही काढा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, तो यंत्रासाठी नाही, माणसासाठी.

पेटीवादक
तारमास्तर, तीन पिनची वायर शेजाऱ्याकडून आणून लावली. आवाज गेला! पूर्ण गेला. संध्याकाळी भूप मुद्रित केला, मागे फक्त पाऊस. देव बरें करूं.

निवृत्त मास्तर
धागा छान चाललाय. माझा कोपरा साधा: डिचोलीत, वाचनाचं जुनं शिसवी टेबल, २४ इंची स्क्रीन, लिनक्स. त्यावर माझं लिखाण चालतं.

कीबोर्ड कुठला ते लिहिलंत, त्यावर मराठी कशी टंकता हे मात्र कुणीच लिहिलं नाही. मी इनस्क्रिप्ट वापरतो. ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात आहे आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे आयती असते. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. डी वर हलन्त, के वर क, शिफ्ट धरून के म्हणजे ख. डावा-उजवा असे हात आळीपाळीने चालतात, त्यामुळे एक लय लागते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिताना मनात शब्द आधी इंग्रजीत उमटवावा लागतो. ते मला पटत नाही. ज्यांना दिवसभर मराठी लिहायचंय त्यांनी महिनाभर नेट लावून हे शिकावं अशी कळकळीची विनंती.

चिरेबंदी
मास्तर, मीही इनस्क्रिप्टवालाच. भाषांतराच्या कामात वेगाचा फरक प्रचंड पडतो. कळांवर मराठीचे स्टिकर लावता का?

निवृत्त मास्तर
नाही. स्टिकर दमट हवेत सुटतात, बोटांना चिकट लागतात. मांडणीचा एक कागद भिंतीवर लावला की नजर खाली जात नाही, त्यामुळे बोटं लवकर शिकतात.

एलईडीवाला
मास्तर, निळ्या स्विचवर इनस्क्रिप्ट करून बघा, टाइपरायटरचा भास होतो!

दोहाकर
आणि घरच्यांना गोळीबाराचा. 😄 तपकिरी स्विच घ्या, कळ दाबल्याचं बोटाला कळतं, शेजारच्या खोलीला कळत नाही. लाल आणखी सुरळीत, पण त्यात मधला टप्पा बोटाला लागत नाही. लेखनाला मला तपकिरीच बरे वाटतात.

अनघा पणजी
उंचीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. सुतार टेबल करतो ३० इंचांचं, कारण जेवणाचं टेबल तेवढं असतं. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या टेबलावर खांदे उचलून टंकावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. मी वास्तुरचनेची ड्रॉइंग करते, दिवसाचे आठ तास माऊसवर हात. शेवटी २६ इंचांचं करून घेतलं. बसल्यावर कोपर काटकोनात आणि पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, हे माप घेऊन मगच सुताराकडे जा. घरातल्या दोघांच्या उंचीत फरक असेल तर जास्त उंचीच्या माणसाचं माप घेऊन दुसऱ्याला पाटावर पाय ठेवायला सांगतात, असं सर्रास होतं. आणि तो दुसरा माणूस बहुतेक वेळा बाईच असते. टेबल जो जास्त वेळ वापरतो त्याच्या मापाचं हवं.

खोलीही बघा. २७ इंची स्क्रीनला टेबल निदान अडीच फूट खोल हवं, नाहीतर स्क्रीन नाकाला येते.

सत्तरीकर
अनघाताई, शंभर टक्के पटलं. हे धाग्याच्या वर डकवून ठेवायला हवं.

पाटीवरचा खडू
यूपीएसच्या मागे पालीने अंडी घातलीत. काढू का?

सत्तरीकर
काढा, पण यूपीएस बंद करून, प्लग काढून. फटीला बारीक जाळी लावा, हवा अडता कामा नये. मुंग्यांचंही बघा, गरम राउटरमध्ये त्या पावसाळ्यात संसार थाटतात. न वापरलेल्या पोर्टांना रबरी बुचं मिळतात.

सुतारकाम
सगळं वाचलं. चिरेबंदींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ, लाकूड आमचा घरचा धंदा, पेडण्याचे आम्ही.

तयार मिळणारी दाबलेल्या भुशाची टेबलं विसरा. वरचा कागद कितीही गुळगुळीत असो, कडेला एकदा ओल शिरली की फुगतात आणि परत बसत नाहीत. त्याला आर्मचा क्लॅम्प (कडेला आवळायची पकड) लावला तर भुसा चेंगरतो.

सागवान उत्तमच, खिशाला सोसलं तर. माट्टी, म्हणजे तुमचा ऐन, मजबूत आणि जड. पण नीट वाळलेला नसेल तर पिळतो आणि चिरतो. तुळईला चांगला, टेबलाच्या फळीला मी वापरत नाही. फणस घ्या. हलका, कामाला सोपा, वाळवी सहसा लागत नाही. आज पिवळाधमक दिसतो आणि वर्षं जातील तसा गडद तांबूस होतो. पेटीवादकांना विचारा, वाद्यंही फणसाची होतात.

फळी मिळत नसेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय. दुकानदार एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) लिहिलेला पुढे करेल, तो घरातल्या कपाटाला ठीक, घाम येणाऱ्या भिंतीजवळ नको. कापलेल्या चारही कडा बंद करा, खालची बाजूसुद्धा पॉलिश करा. लोक वरून तीन हात देतात आणि खालून कोरडं ठेवतात, मग फळी वाटीसारखी वळते.

टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे. पायांखाली रबराचे तुकडे, फरशी पुसताना पाणी लाकडात चढतं.

आर्म भिंतीत नको. चिरा मऊ आणि सच्छिद्र, बोल्ट घट्ट होतो तसा आतून भुगा पडतो. आज बसेल, पावसात ढिला होईल. टेबलाच्या कडेला क्लॅम्प लावा, वर-खाली लोखंडी पट्टी घाला म्हणजे लाकडावर वळ उठत नाही. स्क्रीनच्या मागच्या भोकांमधलं अंतर १०० बाय १०० मिलिमीटर आहे की ७५ बाय ७५ ते आर्म घेण्याआधी मोजा.

खारा वारा
लोखंडी नको, स्टेनलेसची पट्टी.

सुतारकाम
कोलव्याला स्टेनलेस, म्हार्दोळला लोखंड रंगवून चालेल.

तारमास्तर
तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं. दोन फुटी चिऱ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जाणार नाही, २.४ चं कसंबसं जाईल. रिपीटर (मिळेल ती रेंज पुढे ढकलणारा) घेऊ नका. तोही त्याच मेलेल्या रेंजवर जगतो. राउटरपासून खोलीपर्यंत कॅट-६ ची केबल ओढा, १०० मीटरपर्यंत गिगाबिट बिनघोर चालतं. भिंत फोडायची गरज नाही. कौलारू घर असेल तर वाशांच्या कडेने नळीतून न्या, उंदीर कुरतडतात म्हणून नळी हवीच. खोलीत दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरचं नेट त्या खोलीत वायफायने देणारा) करून त्या केबलला जोडा. विजेच्या वायरीला चिकटून नेऊ नका.

चिरेबंदी
सर्वांचे मनापासून आभार, एवढं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं असं: फणसाची फळी, पाच फूट लांब, अडीच फूट खोल. उंची अनघाताईंच्या पद्धतीने मोजली, २८ इंच येते. आर्म क्लॅम्पवर. केबल माळ्यावरून नेणार, सोबत राउटरसाठी डीसी यूपीएस. तारमास्तर, अर्थिंगचा खड्डा सापडला, तुळशीमागे, फरशीखालीच. वायरमनला सांगितलंय.

सुतारकाम, एकच शंका. वायरी खाली सोडायला फळीला भोक कुठे पाडू?

सुतारकाम
मध्ये पाडू नका. मागच्या कडेपासून तीन इंच आत, आर्म ज्या बाजूला नसेल तिकडे. ६० मिलिमीटरचं, म्हणजे दुकानात मिळणारं प्लास्टिकचं झाकण बरोबर बसतं आणि प्लग सोलल्याशिवाय आत जातो. भोक पॉलिशच्या आधी पाडा आणि आतली कड दोनदा पॉलिश करा, ओल पहिली तिथूनच शिरते. आणि फळी घ्यायला जाल तेव्हा फोन करा, वखारीत वाळलेली कुठली नि ओली कुठली ते व्हिडिओवर बघून सांगतो.

एलईडीवाला
झालं की फोटो टाका चिरेबंदी. खिडकीसकट.